प्रश्न कठीण कीं भाषा कठीण?

‘आठवड्यानें परत येतों’ असें सांगून पाहुणा निघून जातो, आणि घरांतलीं माणसें तो सात दिवसांनीं येईल असें धरून चालतात. शब्द पाहिला तर त्यांत आठ आहेत. दिवस मोजले तर ते सात भरतात. एका सोमवारपासून पुढल्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजलें कीं आठ होतात, आणि मध्यें किती रात्री गेल्या एवढेंच मोजलें कीं सात. या दोन मोजण्यांत व्यवहारांत कोणाचा घोंटाळा होत नाहीं, कारण ऐकणारा माणूस असतो. तो शब्दाकडे फारसें न पाहतां सांगणाराच्या मनाकडे पाहतो.

संगणकाला तें साधत नाहीं. त्याला जें लिहून द्यावें तेंच तो करतो. आठ लिहिले तर आठ, सात लिहिले तर सात. त्याच्यासाठीं क्रमवार आज्ञा लिहून काढणें यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात, आणि या कलेच्या स्पर्धा आतां जगभर भरतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘आय्. सी. पी. सी.’ नांवाची स्पर्धा त्यांतली जुनी. तिचें मूळ अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांतल्या एका विद्यापीठांत १९७० सालीं झालेल्या सामन्यांत आहे. अंतिम फेरी १९७७ पासून भरूं लागली. शाळकरी मुलांसाठीं असलेलें आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९८९ सालीं बल्गेरियांत सुरू झालें, आणि भारताचीं मुलें त्यांत २००२ पासून भाग घेऊं लागलीं. पुण्यामुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतील मुलांना या स्पर्धांचीं नांवें तोंडपाठ असतात. त्यांच्या आईवडिलांना मात्र आंत काय चालतें याची कल्पना बहुधा नसते.

आंत चालतें तें असें. तिघांचा एक संघ, तिघांत मिळून एक संगणक, आणि पांच तासांचा अवधि. प्रश्न छापील मिळतो. उत्तर म्हणून संख्या लिहावयाची नसते, तर ती संख्या काढून देणारी आज्ञावली द्यावयाची असते. ती परीक्षकाच्या यंत्राकडे जाते. यंत्र तिला स्वतःजवळचे गुप्त आंकडे देऊन पाहतें आणि ‘बरोबर’, ‘चूक’ अशा एकदोन शब्दांत निकाल कळवितें. चूक कोठें झाली हें तें सांगत नाहीं. पुढें तो प्रश्न सुटला, तरी आधींच्या प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाबद्दल वीस मिनिटें दंड म्हणून वेळेंत मिळविलीं जातात.

असा ‘चूक’ हा शेरा हातीं आल्यावर संशय तिघांवर घेतां येतो. युक्ति चुकली असेल. युक्ति बरोबर असून आज्ञा लिहितांना हात चुकला असेल. अथवा दोन्ही बिनचूक असून प्रश्नाचा अर्थच निराळा घेतला गेला असेल. मुलें पहिल्या दोघांना तासन् तास धारेवर धरतात. तिसरा आरोपी समोर छापील कागदावर उघडा बसलेला असतो, आणि छापील असल्यामुळेंच त्याच्यावर कोणी संशय घेत नाहीं. हुषार मुलाचा आत्मविश्वास खचतो तो पुष्कळदां या ठिकाणीं. गणित त्याला येत असतें. एका उभयान्वयी अव्ययापाशीं तो अडलेला असतो.

या गोष्टीचें एक जुनें आणि प्रसिद्ध उदाहरण आहे. स्पेन देशांतील वायादोलिद विद्यापीठानें अशा प्रश्नांचा मोठा संग्रह करून तो संगणकाच्या जाळ्यावर सर्वांस खुला केला. त्यांतील प्रश्नांचे क्रमांक १०० पासून सुरू होतात, म्हणजे शंभरावा हाच पहिला. साहजिकच नवशिके त्यालाच आधीं हात घालतात. त्याचें नांव ‘तीन एन् अधिक एक’. वरवर पाहतां प्रश्न इतका सोपा आहे कीं चौथींतल्या मुलालाहि तो सांगतां यावा.

नियम असा. कोणतीहि एक धन पूर्णांक संख्या घ्यावी. ती सम असेल तर निम्मी करावी. विषम असेल तर तिप्पट करून तींत एक मिळवावा. जी नवी संख्या येईल तिच्यावर पुन्हां तोच प्रयोग. एक आला कीं थांबावें. ज्या श्रोत्यांजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं २२ पासून आरंभ करून पाहावा: २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. संख्या चढते, उतरते, पुन्हां चढते, आणि शेवटीं एकावर येते. २७ सारखी लहानशी संख्या तर ९,२३२ पर्यंत चढून जाते आणि १११ पायऱ्या चालून मग एकावर पोंचते. कोणतीहि संख्या घेतली तरी शेवटीं एक येतोच काय, हा प्रश्न लोथार कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. त्यानें तो १९३७ च्या सुमारास मांडला असें मानतात. २०२० पर्यंत यंत्रांच्या साह्यानें दोनाच्या ६८ व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या तपासून झाल्या आणि प्रत्येक वेळीं एक आला. परंतु सर्व संख्यांविषयींची सिद्धता अद्यापि कोणाला सांपडलेली नाहीं.

स्पर्धेच्या प्रश्नाला त्या सिद्धतेशीं कर्तव्य नाहीं. तो एवढेंच विचारतो: दोन संख्या दिल्या असतां त्यांच्या दरम्यानच्या सर्व संख्यांपैकीं जिची मालिका सर्वांत लांब, तिची लांबी किती?

येथें पहिला अडसर येतो तो नांवाचा. प्रश्नकर्त्यानें या लांबीला ‘सायकल लेंग्थ’, म्हणजे चक्राची लांबी, असें म्हटलें आहे. वस्तुतः या मालिकेंत एक आला कीं आपण थांबतों. चक्र होतच नाहीं. न थांबतां पुढें गेलें तर एकाचे चार, चारांचे दोन, दोहोंचा पुन्हां एक असें खरें चक्र सुरू होतें, आणि त्याची लांबी तीन आहे. कोणी शब्दाला प्रमाण मानून चालला तर प्रत्येक संख्येचें उत्तर तीन असें सांगून तो मोकळा होईल, आणि त्याला निव्वळ मूर्ख म्हणतां येणार नाहीं. प्रश्नांत पुढें खुलासा आहे कीं मालिकेंत लिहिल्या गेलेल्या संख्या मोजावयाच्या, शेवटचा एकहि धरावयाचा, आणि २२ ची लांबी १६ होते. परंतु घाईंत वाचणारा ‘लांबी’ या शब्दावरून पायऱ्या मोजतो, आणि त्याच्या हिशेबीं १५ येतात. आठवड्याचे सात कीं आठ, तोच हा झगडा. खुलासा कितीहि स्पष्ट असला तरी जें नांव वाचकाच्या मनांत भलतेंच चित्र उभें करतें तें खुलाशाला पुरून उरतें. तेव्हां असें नांव ठेवण्यापेक्षां कांहींच नांव न ठेवणें बरें.

आतां नमुना. प्रत्येक प्रश्नाखालीं एकदोन सोडविलेलीं उदाहरणें देण्याची रीत आहे. या प्रश्नाखालीं चार आहेत. १ आणि १० यांचें उत्तर २०. १०० आणि २०० यांचें १२५. २०१ आणि २१० यांचें ८९. ९०० आणि १००० यांचें १७४. पहिलें हातानें करण्यासारखें आहे. ३ ची लांबी ८, ६ ची ९, ७ ची १७. आणि ९ घेतले तर २८, १४ असें करून तिसऱ्याच पायरीला ७ येतात, म्हणून १७ मध्यें ३ मिळवून २०. उत्तर जुळलें. मुलगा खूष होतो, आणि प्रश्न आपल्याला समजला असें मानूं लागतो.

नमुना जुळणें म्हणजे प्रश्न समजणें नव्हे, हें या चार उदाहरणांवरून फार चांगलें दाखवितां येतें. ‘दरम्यान’ या शब्दांत दोन टोंकें येतात कीं नाहीं? प्रश्नाच्या वाक्यांत ‘टोंकें धरून’ असें म्हटलें आहे, हें प्रश्नकर्त्याच्या पदरीं टाकलेंच पाहिजे. पण समजा एखाद्यानें तेवढे शब्द गाळले आणि टोंकें सोडून मोजलें. त्याला चारी नमुन्यांचीं उत्तरें हींच मिळतील! चारी ठिकाणीं सर्वांत लांब मालिका आंतल्याच एखाद्या संख्येची आहे. टोंकाच्या संख्येची कोठेंच नाहीं. म्हणजे ज्या शंकेचें निरसन नमुन्यानें करावें, तिच्याबद्दल चारी नमुने मुके आहेत. ‘दहा आणि दहा’ अशी एक जोडी दिली असती तर टोंकें सोडणाराच्या हातीं एकहि संख्या उरली नसती, आणि तो तेथल्या तेथें जागा झाला असता.

खरा खड्डा मात्र याच्याहि पलीकडे आहे. चारी नमुन्यांत पहिली संख्या लहान आणि दुसरी मोठी आहे. वाचणारा नकळत धरून चालतो कीं असें नेहमींच असणार. प्रश्नांत तसें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. परीक्षकाच्या गुप्त आंकड्यांत ‘१० आणि १’ अशा उलट्या जोड्या असतात. ‘दहापासून एकेक वाढवीत एकपर्यंत जा’ अशी आज्ञा यंत्राला मिळाली कीं तें पहिल्याच पावलाला एकाच्या पलीकडे गेलेलें असतें. तें एकहि संख्या तपासीत नाहीं आणि उत्तर शून्य लिहितें. शेरा येतो: चूक.

चतुर मुलगा अर्ध्या तासानें हें ओळखतो आणि दोन संख्यांची अदलाबदल करून घेतो. आतां यंत्र एकापासून दहापर्यंत जातें, २० हें बरोबर उत्तर काढतें, आणि ओळ लिहितें: १, १०, २०. पुन्हां शेरा येतो: चूक! कारण उत्तराच्या ओळींत आधीं त्या दोन संख्या लिहावयाच्या असतात, आणि त्या मूळ क्रमानेंच, म्हणजे १०, १, २० अशा. अदलाबदल केली ती कायमचीच झाली. मूळ क्रम कोठें राखून ठेवला नाहीं. या दुसऱ्या चुकीनें मुलें अधिक हैराण होतात. एक चूक सांपडली कीं रोग सांपडला असें मनाला वाटतें, आणि मग दुसऱ्या चुकीसाठीं तें आपल्या निर्दोष गणितावर जाऊन कोसळतें.

दोष कोणाचा? प्रश्नकर्ता म्हणेल: ‘पहिली संख्या लहान असेल असें वचन मी दिलें नव्हतें, आणि दिलेल्या दोन संख्या लिहा म्हटल्यावर दिलेल्याच क्रमानें लिहिणार.’ अक्षरशः त्याचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु माणसाच्या भाषेंत ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ या सांगण्यालाच एक दिशा असते, आणि चार उदाहरणें एकाच दिशेचीं दिल्यावर ती दिशा वाचकाच्या मनांत पक्की होते. उदाहरण हें सुद्धां एक वाक्यच आहे. तें कांहीं न बोलतां बोलतें. येथें न्याय प्रश्नकर्त्याच्या विरुद्ध द्यावा लागतो. स्टीव्हन स्कीना आणि मिगेल रेव्हिया या दोघां अध्यापकांनीं २००३ सालीं अशा प्रश्नांचें जें पुस्तक काढलें, त्यांत हाच प्रश्न घेतांना ‘दिलेल्या संख्या ज्या क्रमानें आल्या त्याच क्रमानें लिहाव्या’ असे शब्द आहेत. रेव्हिया हे तर वायादोलिदच्या संग्रहाचेच चालक होते. चारसहा शब्दांचा खर्च. त्यानें किती मुलांची झोंप वांचली असेल!

पोथ्यांप्रमाणें या प्रश्नालाहि पाठभेद आहेत, आणि त्यांतून तिसरा घोंटाळा निघतो. एका पाठांत दिलेल्या संख्या दहा हजारांहून लहान असतील असें म्हटलें आहे, दुसऱ्यांत दहा लक्षांहून लहान. दोन्हींकडे एक आश्वासन मात्र सारखेंच आढळतें: गणित करतांना कोणतीहि संख्या बत्तीस बिटांच्या बाहेर जाणार नाहीं. हें आश्वासन थोडें उकलून सांगितलें पाहिजे. संगणकांत एक संख्या ठेवण्यासाठीं ठराविक घरें असतात. बत्तीस घरें घेतलीं आणि त्यांतलें एक धन-ऋण या चिन्हासाठीं राखलें, तर मोठ्यांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लक्ष ८३ हजार ६४७ मावते. तिच्यापुढें एक मिळविला कीं संख्या वाढण्याऐवजीं एकदम ऋण होते, आणि पुढचें सारें गणित वेडेंवांकडें जातें.

दहा हजारांच्या पाठांत हें आश्वासन निःसंशय खरें आहे. तेथें सर्वांत उंच चढणारी संख्या ९,६६३. ती २ कोटी ७१ लक्ष १४ हजार ४२४ पर्यंत जाऊन उतरते. दहा लक्षांच्या पाठांत मात्र १,१३,३८३ ही एकच संख्या २४८ कोटींच्या वर चढते, आणि ७,०४,५११ ही तर ५,६९९ कोटींच्या वर. चिन्हाचें घर मोकळें करून घेतलें तरी ही दुसरी मावावयाची नाहीं. मग आश्वासन खोटें समजावयाचें काय? प्रश्नकर्त्याची बाजू घेणारा म्हणेल कीं आश्वासन दहा लक्षांखालच्या यच्चयावत् संख्यांबद्दल नाहीं; परीक्षकानें ज्या जोड्या प्रत्यक्ष दिल्या आहेत त्यांच्याबद्दल आहे. असाहि अर्थ लागतो. पण एकाच वाक्याचा एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा निघत असेल तर तें वाक्य नसलेलेंच बरें. शहाणा विद्यार्थी अशा जागीं वाद घालीत बसत नाहीं. तो दुप्पट घरांची संख्या घेतो, म्हणजे वाक्याचा अर्थ कोणताहि असो, त्याचें काम अडत नाहीं.

सगळ्याच शंका अशा टाळतां येत नाहींत. कांहीं विचाराव्याच लागतात, आणि स्पर्धांत तशी सोय असते. विद्यार्थी शंका लिहून पाठवितो आणि परीक्षक तिला लेखी उत्तर देतात. प्रश्नाच्या भाषेंतच खोट असल्याचें आढळलें तर खुलासा सर्वच संघांना कळविला जातो, कारण एकालाच सांगणें हा इतरांवर अन्याय होईल. मात्र शंका विचारणें ही स्वतंत्र विद्या आहे. ‘दुसरा परिच्छेद समजला नाहीं’ असें लिहिणाराला ‘पुन्हां वाचा’ यापलीकडे काय उत्तर मिळणार? शाळकरी मुलांच्या ऑलिंपियाडांत तर दंडकच आहे कीं शंका अशी विचारावी जिचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें देतां येईल. तशी ती नसेल तर ‘प्रश्न अवैध’ असा शेरा मिळतो; उत्तर छापील कागदावरच असेल तर ‘प्रश्नपत्रिकेंत पाहा’; आणि जें सांगावयाचें नाहीं त्याबद्दल ‘भाष्य नाहीं’. हा दंडक पाहुण्याला कोरडा वाटेल, पण त्यांत मोठें शिक्षण आहे. ‘पहिली संख्या दुसरीपेक्षां मोठी असूं शकते काय?’ एवढें वाक्य लिहितां येण्यासाठीं आपण कोणती गोष्ट न सांगतां गृहीत धरली होती हें आधीं विद्यार्थ्याला स्वतःशीं उमगावें लागतें. तें उमगलें कीं निम्मा प्रश्न सुटल्यासारखाच.

याच ऑलिंपियाडांत प्रश्नपत्रिका इंग्रजींत ठरते आणि निरनिराळ्या देशांचे प्रमुख ती आपापल्या भाषेंत उतरवून घेतात. प्रश्नाची खरी परीक्षा येथें होते. ‘दहा आणि वीस यांच्यामधील संख्या’ म्हटलें तर मराठी कान टोंकें बाहेर ठेवतो. ‘दहा ते वीस’ म्हटलें तर तीं आंत घेतो. आणि इंग्रजींतला एकच शब्द दोहोंकडे चालतो. भाषांतर करणाराला येथें थांबून विचारावेंच लागतें कीं गृहस्था, तुझ्या मनांत नेमकें कोणतें? मूळ भाषेंत वाचणारा मात्र न थांबतां पुढें जातो.

कित्येक जाणत्या लोकांचें म्हणणें असें आहे कीं प्रश्न थोडा संदिग्ध असणें चांगलेंच. पुढें नोकरींत कोणीं नीट सांगितलेलें काम येणार आहे? हें म्हणणें ऐकावयास बरें वाटतें, पण टिकत नाहीं. नोकरींत गिऱ्हाइकाकडे पुन्हां जाऊन विचारतां येतें. अर्धें काम दाखवून ‘असेंच ना?’ म्हणतां येतें. स्पर्धेंत समोर यंत्र आहे, आणि तें मोजकेच शब्द बोलतें. जेथें उलट प्रश्नाला वाव थोडा, तेथें मूळ शब्दांची जबाबदारी अधिक. आतां तर प्रश्नांना गोष्टींचे अंगरखे चढविण्याची हौस वाढली आहे. शेतकरी, गाई, राजे आणि जादूगार यांच्या गर्दींतून अट शोधून काढण्यांतच मुलांची पहिली दहा मिनिटें जातात. गोष्ट असावी, पण अट तिच्या पदराआड दडूं नये.

शंभराव्या प्रश्नाची भाषा नीट करावयाची झाली तर फारसा खटाटोप लागत नाहीं. ‘प्रत्येक ओळींत दोन धन पूर्णांक संख्या आहेत. पहिली संख्या दुसरीपेक्षां लहान, मोठी किंवा तिच्याइतकीच असूं शकेल. दोहोंतल्या लहान संख्येपासून मोठीपर्यंत, दोन्ही धरून, प्रत्येक संख्येची मालिका लिहिली असतां सर्वांत लांब मालिकेंत किती संख्या येतात तें काढावें. आरंभाची संख्या आणि शेवटचा एक हीं दोन्ही मोजावीं. उत्तराच्या ओळींत दिलेल्या दोन संख्या दिल्या त्याच क्रमानें लिहून मग ही गणना लिहावी. ओळी किती आहेत तें आधीं सांगितलेलें नाहीं. त्या संपल्या कीं थांबावें.’ नमुन्यांत ‘१० आणि १’ ही एक जोडी घालावी आणि ‘१० आणि १०’ ही दुसरी. मर्यादा दहा हजारांची ठेवावयाची असेल तर बत्तीस घरांचें आश्वासन राहूं द्यावें; दहा लक्षांची ठेवावयाची असेल तर तें काढून टाकावें.